सासूबाईंची आणखी पंचावन्न वर्षं

नौपाड्यातल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात एका डॉक्टरांचं भाषण होतं. यापुढे माणूस दीडशे वर्षं सहज जगेल, असं ते म्हणाले आणि सगळ्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. माझ्या सासूबाई पंचाण्णवच्या होत्या. म्हणजे आणखी पंचावन्न वर्षं मी त्यांचा भात मऊ शिजवायचा!

मी स्वतः सत्तरीची, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. ऑपरेशन करा, असं डॉक्टर कधीचे सांगत होते. पण मी अंथरुणाला लागले तर सासूबाईंचं कोण करणार? नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा परदेशात. त्यामुळे ऑपरेशन ‘त्यांचं झाल्यावर’ करायचं ठरलं होतं. मुलगा फोनवर आजीची चौकशी करायचा, मी ‘ठणठणीत’ म्हणायचे आणि फोन ठेवायचे.

बरं, जाण्याची गोष्ट त्यांनीच काढली होती. पणतू झाला तेव्हा रीतीप्रमाणे त्यांच्यावर सोन्याची फुलं उधळली. ‘आता मी जायला मोकळी,’ म्हणत त्यांनी डोळे पुसले. आणि आठवड्याभरात त्याच फुलांची सराफाकडून कानातली करून घेतली! स्वतःच्या मुलाच्या तेराव्यालाही या बाईने जिलबी दोनदा मागून घेतली होती. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

शेवटी एकदा जिन्यात मी अशी काही बसले की उठताच येईना. मग मात्र हात टेकले. सासूबाईंना कोलशेतच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं आणि ऑपरेशन उरकलं. सोडून येताना त्या रडतील, शिव्याशाप देतील, अशी मनाची तयारी केली होती. त्यांनी फक्त जेवणाची वेळ विचारली.

नीट चालायला लागल्यावर मी रिक्षा करून त्यांना आणायला गेले. बाई चक्क गुटगुटीत झाल्या होत्या. खाटेवर बसून दोघीतिघींबरोबर पत्ते खेळत होत्या.

“आई, चला घरी.”

“कशाला? इथे सगळं वेळेवर मिळतं,” त्या म्हणाल्या. मग मैत्रिणींकडे वळून, “ही माझी सून. स्वभावाने वाईट नाही हो, पण हाताला चव नाही.”

पंचेचाळीस वर्षं रांधून वाढलं होतं मी. तिथल्या तिथे पत्ते भिरकावून द्यावेसे वाटले. पण दुसऱ्याच क्षणी लक्षात आलं, अगं, तू सुटलीस! घर माझं, गुडघे नवे, हातात अजून दहा-पंधरा वर्षं. त्यांचा विचार बदलायच्या आत मी पर्स उचलली.

“थांब गं.” त्यांनी माझं मनगट धरलं. शेजारच्या खाटेवर गादी गुंडाळून ठेवलेली होती. “ही परवाच गेली. जागा धरून ठेवायला सांगितलंय मी. तुझं तरी पुढे कोण करणार आहे?”

मी हसून वेळ मारून नेली. घरी येऊन मुलाला फोन लावला आणि आजीचा हा प्रताप रंगवून सांगितला. तो हसला नाही.

“आजी बोलली मला,” तो म्हणाला. “मी हो म्हटलंय, आई.”