लिव्हर अर्ध्यात अडकला तेव्हा

कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात आमचा नेमबाजीचा क्लब पुन्हा उघडला, तेव्हा जमिनीवर दीड-दीड मीटरवर पिवळे पट्टे मारलेले होते. नेदरलँड्सच्या ब्राबांत प्रांतातल्या पाइनच्या रानात, वाळूचा उंच बांध घातलेली ती रेंज. पुण्याच्या कॉलेजात एनसीसीत मी रायफल चालवली होती. नोकरीसाठी आइंडहोव्हनला आल्यावर ती हौस पुन्हा सुरू केली. क्लबात माझी खरी ओळख एकाच बाईंशी होती. साठी उलटलेल्या, निवृत्त शिक्षिका. त्या काउबॉय पद्धतीची नेमबाजी करायच्या: डोक्यावर रुंद काठाची हॅट, हातात जुन्या धर्तीची रायफल, आणि समोरच्या लोखंडी पाट्या कमीत कमी वेळात एकामागून एक वाजवायच्या. या रायफलीत खटक्याभोवतीचा लिव्हर खाली ओढून वर घेतला की रिकामं काडतूस बाहेर उडतं आणि पुढचं आत भरलं जातं. नेम सगळ्यांचाच बरा असतो. खेळ जिंकला जातो तो या भरण्यावर.

आम्ही इंग्रजीत बोलायचो. पण आता आठवताना ते बोलणं मराठीतच ऐकू येतं, आणि त्यात त्या मला ‘तू’ म्हणतात, मी त्यांना ‘तुम्ही’.

त्या दिवशी मी त्यांच्या मागे उभी राहून लागलेले नेम मोजत होते. काही पाट्या वाजल्या आणि लिव्हर अर्ध्यातच थांबला. त्यांनी जोर लावला. आतून धातूवर धातू घासल्याचा आवाज आला.

“हात थांबवा. नळी बांधाकडेच राहू द्या,” रेंज सांभाळणारे गृहस्थ म्हणाले. ते पुढे मात्र आले नाहीत. त्यांच्या बायकोची केमो चालू होती, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पिवळ्या पट्ट्यावर पाय ठेवून ते तिथेच उभे राहिले.

आत दोन भरलेली काडतुसं एकमेकांत अडकली होती. ती सोडवायची तर एकानं रायफल घट्ट धरायला हवी आणि दुसऱ्यानं मागचं काडतूस बाजूच्या झडपेतून पुन्हा नळीखालच्या मॅगझीनमध्ये दाबायला हवं. बाईंच्या मास्कमागे श्वास जोरजोरात चालला होता. रायफलचं तोंड हळूहळू डावीकडे सरकायला लागलं. डावीकडे दुसरे लोक उभे होते.

“मी जाऊ का?” मी विचारलं.

गृहस्थांनी आधी बाईंकडे पाहिलं, मग मान डोलावली. मी पट्टा ओलांडून गेले, बाईंच्या हातांवर माझे हात ठेवून नळी बांधाकडे वळवली आणि तशीच धरून ठेवली. कित्येक महिन्यांत घराबाहेरच्या माणसाला माझा झालेला तो पहिला स्पर्श. त्यांचा उजवा हात बर्फासारखा गार होता. गृहस्थांनी लाकडी काडी माझ्या पायाशी फेकली, बाईंनी ती घेऊन झडपेतून काडतूस मागे रेटलं, आणि लिव्हर एकदम सुटला.

घरी मी सगळं सांगितलं. आमची मुलगी तेव्हा दम्यानं हैराण असायची. नवरा म्हणाला, “अगं, पोरीला काही झालं असतं तर आपण कोणाला जाब विचारणार होतो?” पुढचे काही दिवस मी वरच्या खोलीत एकटी झोपले आणि मुलगी जिन्याच्या खालून माझ्याशी डचमध्ये गप्पा मारायची.

बाईंनी रायफल विकायची ठरवली होती. मी म्हटलं, आधी ती का अडकते ते तरी बघू. माझं रोजचं कामच चिप बनवायच्या सिलिकॉनच्या चकत्या इकडून तिकडे न अडकता नेणाऱ्या यंत्रणेचं होतं, त्यामुळे मला त्या लिव्हरनं झोपेतही छळायला सुरुवात केली होती.

हिवाळ्यात क्लब पुन्हा बंद झाला. मग दर रविवारी मी सायकलवरून बाईंच्या गॅरेजपाशी जायला लागले. गॅरेजचं दार पूर्ण वर केलेलं, त्या आत टेबलापाशी, मी बाहेर उंबऱ्यावर कोट-टोपी घालून. रायफल त्यांच्याच हातात राहायची, आणि भरायला फक्त दारू नसलेली नकली काडतुसं. कानस लावायचं काम आमचं नाही, ते परवानाधारक कारागिराचं, हेही ठरलेलं.

पहिलं कारण लवकर सापडलं. खांद्याला झटका कमी बसावा म्हणून बाई हलक्या, आखूड गोळ्यांची काडतुसं वापरायला लागल्या होत्या. या रायफलीत एक काडतूस लिफ्टरवर, म्हणजे ते वर उचलून नळीपाशी नेणाऱ्या पट्टीवर, आलं की त्याच्या लांबीमुळेच मागचं मॅगझीनमध्ये थोपून राहतं. पुढचं आखूड असेल तर मागचं आत डोकं घालतं आणि लिफ्टर वर येताना त्यालाच अडतो. त्यांनी पूर्वीच्या लांबीची नकली काडतुसं भरून पाहिली. अडकणं खूप कमी झालं.

पण थांबलं नाही. मग मी मोबाइलवर त्यांचं लिव्हर ओढणं टिपलं आणि सावकाश चालवून पाहिलं. लिव्हर शेवटपर्यंत खाली जातच नव्हता. जरासा राहायचा आणि तिथूनच परत यायचा.

मी चित्रफीत दाखवली. त्यांनी ती दोनदा पाहिली आणि मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

“म्हणजे दोष माझ्या हातात आहे.”

“हात पूर्ण खाली जात नाहीये, एवढंच दिसतंय.”

मग त्यांनी सांगितलं की मार्चमध्ये त्या आजारी पडल्या होत्या. तेव्हापासून उजव्या हाताच्या दोन बोटांना स्पर्श नीट कळत नाही. लिव्हर कुठवर गेला ते त्यांना जाणवतच नाही. हे त्यांनी डॉक्टरला सांगितलं नव्हतं, क्लबात तर मुळीच नाही. परवाना जाईल म्हणून.

मला रेंजवर डावीकडे सरकणारं ते नळीचं तोंड डोळ्यासमोर आलं.

“तुम्हाला हे सांगावं लागेल,” मी म्हटलं.

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर मी सांगेन.”

त्यांनी उठून गॅरेजचं दार खाली ओढलं. मी बाहेर उभी होते, दार माझ्यासमोर बंद झालं. पुढच्या रविवारी मी गेले नाही. त्यांचा फोन आला नाही. नवरा म्हणाला, सुटलीस. मला तसं वाटत नव्हतं. क्लब उघडायच्या आत त्यांनी सांगितलं नाही तर मला खरंच तोंड उघडावं लागणार होतं, आणि मग या देशात माझ्या दारावर सहज टकटक करणारं एकुलतं एक माणूस मी गमावणार होते. कितीतरी वेळा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला.

वसंतात क्लबाकडून उघडल्याची मेल आली. त्याच दुपारी रेंजवाल्या गृहस्थांचा फोन. बाईंनी स्वतःच त्यांना सगळं सांगितलं होतं. हाउसआर्ट्सकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, गेल्या होत्या, बोटांचे व्यायाम चालू होते, आणि डॉक्टरचं होकारार्थी मत येईपर्यंत रायफल क्लबाच्या तिजोरीत राहणार होती. “तुला कळवायला त्यांनीच सांगितलंय,” ते म्हणाले.

बाई परत आल्या तो उन्हाळ्याचा शेवट होता. लस झाली होती, पट्टे पुसट झाले होते. गृहस्थ यावेळी अगदी त्यांच्या खांद्याशी उभे राहिले. मी मागे.

त्यांनी घाई केली नाही. प्रत्येक वेळी लिव्हर मुद्दाम तळाला टेकवला, टेकल्याचा बारीक ठोका मला मागे ऐकू येत होता, आणि मगच वर घेतला. शेवटची पाटी वाजली. त्यांनी रायफल उघडून गृहस्थांना रिकामं चेंबर दाखवलं. त्या दिवशी सर्वांत जास्त वेळ त्यांनाच लागला होता.

दुपारी आम्ही पाइनखाली बाकावर बसलो, एकाच बाकावर. त्यांनी थर्मासमधली कॉफी ओतली. “मी तुझा फार राग राग केला,” त्या म्हणाल्या. “बरेच दिवस.”

“माहीत आहे,” मी म्हटलं.

त्यांनी हात पुढे करून बोटं मिटली, उघडली. करंगळी अजून जरा मागे राहत होती. मग आम्ही कॉफी प्यायलो.