खिळ्यावरच्या गाठीच्या दोऱ्या

शिवणकाम बायांचं असतं असं माझ्यासमोर कोणी म्हटलं की माझं टाळकं सरकतं. मी चौथी नापास माणूस. कोळशाच्या खाणीत छताला लाकडी टेकू लावण्यात जिंदगी गेली. आणि आज माझ्या अंगात आहे तो सदरा मी शिवलेला आहे. कॉलर वाकडी आहे. असू दे. ज्याला वाकडी दिसते त्याने दुसरीकडे पाहावं.

ही हौस मूळची माझी नाही, माझ्या बायकोची. ऐंशीच्या पुढची सालं होती. आम्ही भद्रावतीजवळ राहायचो. तिथल्या एका शिंप्याने दुकान बंद केलं, तेव्हा त्याची जुनी हातमशीन तिने हट्ट करून घ्यायला लावली. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. शिकवायलाही कोणी नव्हतं. तिने माझा एक जुना शर्ट घेतला, धागा धागा उसवला, तुकडे जमिनीवर पसरून त्यांच्याकडे दोन दिवस नुसती पाहत बसली. तिसऱ्या दिवशी तसेच तुकडे नव्या कापडात कापले. शर्ट झाला, पण दोन्ही बाह्या डाव्याच निघाल्या. मी तो शर्ट खाणीवर नेला आणि पाळी सुरू व्हायच्या आधी चार लोकांना दाखवून हसवलं. हे मी केलेलं आहे. ती गोष्ट तिच्या कानावर गेली. तिने बाह्या उसवल्या आणि परत शिवल्या.

मग तिला थांबवणं कोणाच्या हातात राहिलं नाही. जुन्या लुगड्याचे दाराला पडदे झाले. पोत्याचं पायपुसणं झालं, त्यावर लाल धाग्याने कोंबडा काढला. रेडिओला अंगरखा झाला. माझ्या फाटक्या शर्टांच्या चांगल्या पाठींचे उशीला अभ्रे झाले. तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पुडीत कोळशाची भुकटी जायची म्हणून माझ्या शर्टाला आतून झाकणाचा खिसा लावला. शेजारच्या बाया ब्लाऊजचं कापड घेऊन यायच्या, तर ही हात जोडायची.

मी म्हणायचो, "अवो, लोकाईचे शिव ना. घरात दोन पैसे येतीन."

"मी काय शिंपीण हाव काय?" ती म्हणायची. "माही हौस हाय. मनात आलं तं शिवीन, नाई तं मशीनवर पापड वाळवीन."

आता दोऱ्यांची गोष्ट. तिला टेपवरचे आकडे वाचता येत नव्हते. म्हणून घरातल्या दर माणसाची तिने एक एक सुताची दोरी केली होती. दोरीचं एक टोक धरायचं, तिथून पहिली गाठ बाहीची, दुसरी खांद्याची, तिसरी कमरेची, चौथी छातीची. कोणाची दोरी ते कळावं म्हणून टोकाला चिंधी बांधलेली. माझ्या दोरीला खाणीतल्या खाकी शर्टाची, मुलीच्या दोरीला गुलाबी, तिच्या स्वतःच्या दोरीला हिरवी. मुलगी वाढायची तशा तिच्या गाठी पुढे सरकायच्या. सगळ्या दोऱ्या मशीनच्या वरच्या खिळ्याला लटकलेल्या. मी एकदा बाजारातून चांगला टेप आणून दिला, तर तिने त्याने गोधड्यांचं गाठोडं बांधलं.

"आकड्याले काय मालूम मी कशी हाव?" म्हणाली.

एका वर्षी पाऊस संपता संपता तिला ताप आला. ताप डोक्यात गेला. चौथ्या दिवशी ती गेली. तोवर मुलगी लग्न होऊन सासरी गेलेली. घरात मी एकटा. माझा मोठा भाऊ आणि वहिनी गावाहून आले. वहिनीने चूल ताब्यात घेतली, घर झाडलं. आमच्याकडे गेलेल्या बाईची लुगडी-ब्लाऊज जवळच्या बाया वाटून नेतात, तेही वहिनीने उरकलं. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आम्हा बौद्धांच्या श्रद्धांजलीच्या दिवशी सगळे पांढरे कपडे घालून बसले. मेणबत्ती लागली. आणि मग सगळ्यांना कळलं की पुढे ठेवायला तिचा फोटोच नाही. चंद्रपूरला स्टुडिओत जाऊ म्हटलं की ती म्हणायची, नवा ब्लाऊज होऊ द्या. तो झाला की दुसरा कापायला घ्यायची. राहूनच गेलं. लोकांनी नुसतीच फुलं वाहिली.

लोक गेले. मी आत येऊन मशीनजवळ बसलो. वर पाहिलं तर खिळा रिकामा.

"वहिनी, इथल्या दोऱ्या कुठी हायेत?"

वहिनी भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्या गाठीच्या? चुलीत घातल्या नं."

"काऊन?"

"भाऊजी, खिळ्याले तीन-तीन दोऱ्या, दर दोरीले गाठी, टोकाले चिंध्या. कोणं तरी केलं असन. म्हणूनच बाई अशी चार दिवसांत गेली. असं घरात ठेवत नाईत."

मी आयुष्यात बाईमाणसावर एवढा ओरडलो नव्हतो. "करणी? आपल्या घरात करणी? माह्या बापानं दीक्षा घेतली तवा घरातले देव उचलून वर्धा नदीच्या पाण्यात सोडले. देव गेले अन् भुतं तेवढे तुम्ही पदरात बांधून ठेवले काय? मापाच्या दोऱ्या होत्या त्या! मापाच्या!"

भाऊ बाहेरून धावत आला. "अबे, दोरीसाठी भावजयीवर गरजून राह्यला काय? उद्या बाजारातून सुताचा गुंडाच आणून देतो तुले."

"तुह्या गुंड्यात तिची छाती हाय काय? तिचे खांदे हायेत काय?" मी म्हणालो. शेजारचे दारात जमले. एकजण हसला. त्याला मी जे बोललो ते इथे लिहीत नाही.

मग वहिनी उठली. राखेचे हात तसेच. रडत नव्हती. तीही तापली होती. "तुमाले इचारलं नोतं काय? ओसरीत बसले होते तुमी. दोऱ्या हातात धरून तुमच्या समोर उभी राह्यली. कायच्या हायेत, म्हणलं. तुमी मान वर केली नाई. तुमीच म्हणलं, जे फेकाचं ते फेका, मले इचारू नोका."

मी म्हटलं होतं. वहिनीचा आवाज आठवला, माझाही आठवला. ती काय दाखवते ते मी पाहिलं नव्हतं. एकदा डोळे वर केले असते तर दोऱ्या वाचल्या असत्या. तेव्हापासून वहिनीवरचा राग अर्धा माझ्यावर आला, पण तिच्यावरचा काही कमी झाला नाही.

माझी दोरी मी दुसऱ्या दिवशी नवी करून टाकली. मुलीची ती पुढच्या खेपेला आली तेव्हा केली. जिवंत माणसाचं माप केव्हाही घेता येतं. हिरव्या चिंधीच्या दोरीचं काय? वहिनीला खोदून खोदून विचारलं, ब्लाऊज कोणाकोणाला दिले. दोन चितेवर गेले होते. काही अशा बायांना दिले की त्यांचं नाव-गाव वहिनीला सांगता येईना. एक तेवढा पक्का कळला. माझ्या साळीने नेला होता. बायकोची धाकटी बहीण, चिमूरकडच्या खेड्यात दिलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या लाल गाडीत बसलो. वरोऱ्याला गाडी बदलली. साळीचा नवरा शेतावर, धानाच्या बांधीत गेला होता. ती अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. मी पाणी पिण्याआधीच म्हणालो, "तो ब्लाऊज दे. बहिणीचा."

ती घाबरली. आतून आणून दिला. "बारीक केला भाऊजी. मले ढिला होत होता. इकडच्या शिंप्याकडून करून घेतला."

मी तो उलटा केला. दोन्ही बाजूंनी आत घेतलेला. नवी शिवण जाड धाग्याची, घाईची. पण बायको कापड कधी मापाइतकंच कापायची नाही, शिवणीच्या आत चांगलं दोन बोटं कापड सोडायची, पुढेमागे सैल करायला. शिंप्याने ते कापून टाकलं नव्हतं. आणि त्यावर जुनी शिवण दिसत होती. धागा निघालेला, पण सुईची छिद्रं एका ओळीत तशीच. मी ओसरीवर बसलो. सोबत सुताची दोरी नेली होती. त्या छिद्रांवरून दोरी फिरवली आणि छातीची गाठ मारली. पुन्हा फिरवली, कमरेची मारली. खांद्याला शिंप्याने हात लावला नव्हता, ती गाठ सोपी गेली. साळी बाजूला उभी राहून पाहत होती.

मग बाही धरली. बाह्या आखूड केलेल्या होत्या. आत दुमडून नाही, कापूनच टाकलेल्या.

"हे काऊन कापलं?"

"मळणीच्या कामात लांब बाही अडते, भाऊजी."

"तुकडे कुठी हायेत?"

"आता ते कुठी असतीन? शिंप्याच्या दुकानात पडले असतीन. झाडून टाकले असतीन."

मी ब्लाऊज मांडीवर टाकला. ती हळूच म्हणाली, "अंदाजानं बांधा नं. कोपराच्या वर येत होती तिची बाही."

"अंदाजानं नाई."

"मंग माह्या हाताचं घ्या. आम्ही दोघी सारख्याच होतो लहानपणी. माय एकाच मापानं कापाची."

तिने हात पुढे केला. भल्या मनाने केला होता, हे मला आज कळतं. तेव्हा मी तिच्यावर असा खेकसलो की मागे सरताना तिचा पाय लागून सुपातले तांदूळ सांडले. म्हणालो, तुह्या हाताचं माप मले काय करायचं हाय? तिच्या हाताचं पाह्यजे. ती पदर तोंडाला लावून आत गेली. मी जेवलो नाही. बाही नसलेली दोरी खिशात घालून बस थांब्यावर येऊन बसलो. दुपारची गाडी निघून गेली होती, म्हणून संध्याकाळपर्यंत बसलो.

साळीने नंतर दोनदा मुलीकडून निरोप पाठवला की दोरी घेऊन या, हाताचं माप लावून पाहू. मी गेलो नाही. त्या दोरीला तीन गाठी आहेत. राहिलेली बाहीची मी कोणाला मारू देणार नाही, आणि मीही मारणार नाही.