मामांचं नाव राहिलं

एआयमुळे कोणाची नोकरी जाणार आणि कोणाची टिकणार, हे आमच्या संगमनेरच्या कॉलेजात मी पोरांना छातीठोकपणे सांगतो. नर्स टिकणार, प्लंबर टिकणार, लग्नात माइकवर पाहुण्यांची नावं घेणारा मात्र घरी बसणार! यातलं शेवटचं मी धाकट्या बहिणीच्या, वैशालीच्या लग्नात सिद्ध करायला गेलो आणि तोंडावर आपटलो.

आमच्या तिसगावात लग्न लागण्याआधी माइकवरून एकेका पाहुण्याचं स्वागत होतं. हे काम माझे चुलते अण्णा करायचे. हातात चिठोरं नाही, सगळं तोंडपाठ! पण तासभर चालायचं. मी म्हटलं, "अण्णा, या खेपेला तुम्ही आराम करा. मोबाईल करतोय यादी."

"कर बाबा," अण्णा म्हणाले. "पर कुनी राहिलं तर लई वंगाळ दिसतं."

मी सगळी नावं मोबाईलमध्ये घातली. त्यानं झकास भाषण लिहिलं आणि विचारलं, फार लांबतंय, ज्यांना पद नाही त्यांची नावं काढू का? (किती अदबीनं विचारतोय, असं मला वाटलं!) मी 'हो' म्हणून मोकळा झालो.

लग्नाच्या दिवशी माइकवर मी सरपंच घेतले, चेअरमन घेतले, संचालक घेतले. एक माजी उपसरपंचही घेतले, जे आलेच नव्हते. टाळ्या पडल्या. मग गुरुजींनी पुकारलं, "नवरीचे मामा, नवरीला घेऊन या!"

मामा नाहीत.

पुन्हा पुकारलं. मुंडावळ्या बांधलेली वैशाली रडवेली झाली. "दादा, मामा कुठंयत? मी त्यांच्याशिवाय नाही उभी राहणार."

वडील गेले तेव्हा वैशाली चार वर्षांची होती. मामांनीच आम्हा भावंडांना कोल्हारला नेलं, स्वतःच्या पोरांसारखं वाढवलं. त्यांना जन्मात एकच पद मिळालं होतं, आमच्या मामाचं. मोबाईलच्या लेखी ते पदच नव्हतं.

मामा मांडवाबाहेर टेम्पोत बसलेले सापडले. पिशवी मांडीवर, ड्रायव्हरची वाट बघत.

"मामा, चला, मुहूर्त टळतोय!"

"तुज्या चेअरमनला सांग की नवरी आनायला. आमी कोन?"

"चूक मोबाईलची आहे हो!"

"व्हय? मग त्याला म्हनावं ये हितं, पड माज्या पाया!"

मी हातातल्या मोबाईलकडं बघितलं. त्याच्याकडं माफीची भाषा माझ्यापेक्षा सरस होती, पण वाकायला कंबर कुठून आणणार? मग मीच वाकलो. नवा कोट धुरळ्यात, डोकं मामांच्या पायांवर.

"मामा, मीच हो म्हणालो होतो. यादी परत वाचलीसुद्धा नाही."

"म्हंजी चूक तुजी हाय ना?"

"माझीच."

"मंग तसं म्हन की लेका!" मामांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि टेम्पोतून खाली उतरले. वैशालीचा हात धरून ते मांडवात आले, तेव्हा अण्णांनी माझ्याआधीच माइक उचलला होता.

तेव्हापासून भावकीत मलाही काम मिळालंय. कुठल्याही लग्नात कुणी रुसलं की हाक येते, "सरांना धाडा!" चूक कोणाची का असेना, मी जातो, पाया पडतो, माणूस घेऊन येतो. एआय कितीही शिकलं तरी माझी ही नोकरी जात नाही. फक्त गुडघे टिकले पाहिजेत!