ड्यूट्या लावणारे व्याही

माणूस बघितल्याबरोबर त्याला कुठल्या कामाला लावावं हे सांगणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच, आणि तो माझ्या वाट्याला व्याही म्हणून आला. तीस वर्षं ते एस.टी.च्या आगारात चालक-वाहकांच्या ड्यूट्या लावत होते. ते निवृत्त झाले, सवय निवृत्त झाली नाही. लग्नाच्या बोलणीला आले तेव्हा पोहे संपायच्या आत त्यांनी आमच्या घरातल्या प्रत्येकाला मनातल्या मनात कुठल्या ना कुठल्या गाडीवर चढवलं होतं. माझी ड्यूटी कुठं, असं मी पुढे एकदा विचारलं. जिंतूरची मुक्कामी गाडी, ते म्हणाले, कारण मला कुठंही गाढ झोप लागते. मी जन्मभर गणित शिकवलेला माणूस, मला राग यायला हवा होता, पण निदान बरोबर होतं. लग्नात माझ्या तापट भावाला त्यांनी पंगतीत पाणी वाढायला उभं केलं. "पाणी देताना माणूस भांडत न्हाई, गुरुजी," म्हणाले, आणि आमच्या घराण्यातलं ते पहिलं बिनभांडणाचं लग्न ठरलं.

माझी लेक आणि त्यांचा मुलगा दोघंही इंजिनिअर. बंगळुरूच्या नोकऱ्या सोडून त्यांनी परभणीत कंपनी काढली. शेतकऱ्यानं मोबाईलवर नोंद करायची, की यांचा माणूस ड्रोन घेऊन फवारणीला हजर. आम्हा दोघा व्याह्यांना त्यातलं एकच कळत होतं: चाललं तर पोरं इथंच राहणार, नाही चाललं तर पुन्हा बंगळुरू. लेक कामावर जाता-येता दाराशी गाडी थांबवून हाक मारायची आणि त्या हाकेची मला चटक लागली होती. व्याह्यांची बायको जाऊन चार वर्षं झाली होती, त्यामुळे त्यांची गत माझ्याहून वाईट होती.

पहिला हंगाम जोरात गेला. दुसऱ्या हंगामात मात्र जुने शेतकरी पुन्हा बोलवेनात. जावयानं संगणकावर सगळ्या कामगारांचा हिशोब मांडला होता, कोण दिवसाला किती एकर करतो, कोण कुठं किती वेळ थांबतो. चांगला तो हिरवा, वाईट तो लाल. जिंतूरचा एक गडी कायम हिरवा आणि पालमची एक बाई कायम लाल. तिला कमी करायचं जावयानं ठरवलं. व्याही ऑफिसच्या कोपऱ्यात पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली ठेवला.

"तुझं यंत्र ती किती वेळ थांबली ते सांगायलंय. कशापायी थांबली ते कुठं सांगायलंय?"

दुसऱ्या दिवशी ते पालमच्या गाडीत बसले आणि मलाही ओढून नेलं. बाईंनी फवारणी झटपट उरकली. मग शेतकऱ्याच्या घरातून चहा आला. आपल्याकडे शेतावर आलेल्या माणसाला चहा पाजल्याशिवाय कोण सोडतं? बाई बांधावर बसल्या, चहा घेतला, शेतकऱ्याच्या आईनं आणून दाखवलेलं किडकं पान नीट पाहिलं. तेवढ्यात शेजारचा शेतकरी आला आणि उद्या आमच्याकडं या म्हणून सांगून गेला. संगणकाच्या लेखी ही सगळी वीस मिनिटं वाया गेलेली. चार दिवसांनी आम्ही जिंतूरच्या हिरव्या गड्याबरोबर फिरलो. त्याचं ड्रोन खाली उतरतं न उतरतं तोच हा मोटारसायकलवर पसार. शेतकरी कपबशी हातात घेऊन धुरळ्याकडे बघत उभा. व्याही माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, याला पुन्हा कोणी बोलावणार न्हाई. नोंदी तपासल्या, तर खरंच कोणी बोलावलं नव्हतं.

जावयाचं कौतुक हे की त्यानं बापाचं ऐकलं. साहेब होऊन ऐकणं फार थोड्यांना जमतं. त्यानं संगणकात चहाचा नवा रकाना घातला आणि लेकीनं सासऱ्यांचं कार्ड छापून आणलं: मनुष्यबळ विश्लेषण प्रमुख. व्याह्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, म्हणजे ड्यूट्याच ना? मात्र चहाच्या रकान्यानं पहिल्याच आठवड्यात गोंधळ घातला. वालूरच्या एका बहाद्दरानं हिरवं व्हायच्या नादात एका दिवसात अकरा चहा घेतले आणि पित्तानं दोन दिवस आडवा झाला. व्याही त्याच्यासाठी स्वतः ताक घेऊन गेले, चूक माझी म्हणाले, आणि परत आल्यावर चहा मोजणं बंद करून शेतकरी पुन्हा बोलावतो का, तेवढंच मोजायला लावलं. पालमच्या बाईंकडे त्यांनी नव्या लोकांना शिकवायचं काम दिलं. जिंतूरच्या गड्यालाही काढलं नाही, त्याला यंत्रं दुरुस्त करायला बसवलं. यंत्राला बोलायचं नसतं, म्हणाले.

पुढच्या दोन हंगामांत कंपनी अशी वाढली की बाकीच्या जिल्ह्यांतून बोलावणी आली आणि मोठं ऑफिस पुण्याला करावं लागलं. आम्ही बंगळुरूला घाबरत होतो, पुण्याचा विचारच केला नव्हता. पोरं गेली. व्याहीही मुलाबरोबर गेले. लेक मला आणि तिच्या आईलाही चला म्हणाली, अगदी रडली, पण मुलीच्या घरी आईबापानं कायमचं राहायचं हे आमच्या पिढीला काही केल्या जमत नाही.

लेकीची आठवण येते म्हटलं की लोक समजून घेतात. व्याह्यांची येते म्हटलं की हसतात. पण खरं सांगतो, या वयात मला मित्र मिळाला होता आणि तो गेल्यापासून संध्याकाळ सरता सरत नाही.

मागच्या रविवारी त्यांचा फोन आला. तिथं लय हुशार लेकरं हायेत, म्हणाले, पण बोलायला कोणाला सवड न्हाई. मग या की परत, मी म्हटलं. त्यांनी उलट मलाच विचारलं.

"आपल्यालाच पायजे होतं ना गुरुजी, त्यांचं नीट चालावं म्हणून?"

मी हो म्हटलं. त्यानंतर बोलायला काही उरलं नव्हतं, पण फोन ठेवायचं दोघांच्याही जिवावर आलं.