गाय गायीएवढी दिसली पाहिजे

मी नांदेडहून एसटीत बसले तेव्हा मांडीवर लॅपटॉप होता आणि डोक्यात दाजी होते. दोन्हींत दाजींचंच ओझं जास्त.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. ताई देवणी तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका होती आणि त्या दिवशी तिचा निवृत्तीचा निरोपसमारंभ होता. एप्रिलचं ऊन. दाजींनी सकाळीच फोन करून मला बजावलं होतं, की प्रोजेक्टर त्यांनी स्वतः ऑनलाइन मागवलेला आहे, जेवणाच्या डब्याएवढा आहे, लई भारी आहे, मी फक्त कॉम्प्युटर घेऊन यावं आणि बाकी कशाला हात लावू नये. मी नांदेडला कॉम्प्युटरचा क्लास चालवते. माझ्या हाताखालून निम्मं नांदेड टायपिंग शिकून गेलं असेल. आणि मला सांगणार कोण, तर ज्यांना मोबाइलची रिंगटोन बदलायची तरी देवणीच्या दुकानात जावं लागतं ते. उदगीर येईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांना इतकं सुनावलं, की शेजारच्या बाईनं विचारलं, पोट दुखतंय का.

पण जायला हवंच होतं, कारण ताईचं एक काम अडलं होतं.

तिच्या सातवीत एक मुलगी होती. शाळा सातवीपर्यंतच. आठवीला देवणीला जावं लागणार, आणि तिच्या वडिलांनी ठरवून टाकलं होतं की ती जाणार नाही. माणूस वाईट नाही. जनावरांचा शौकीन. गोठ्यात देवणी जातीच्या गायी, पांढऱ्यावर काळे ठिपके, एकेक अशी देखणी की लोक गाडी थांबवून बघतात. ताई त्यांच्या घरी जाऊन आली होती. त्यांनी खाट टाकली, चहा दिला, सगळा गोठा फिरवून दाखवला आणि शेवटी हात जोडून म्हणाले, सातवी झाली, लई झालं. ताईच्या म्हणण्याप्रमाणे त्या घरात मुलगी शेण काढते, चारा टाकते आणि गप्प असते. आपली पोर बोलते, हेच बापाला ठाऊक नव्हतं.

शाळेत मात्र ती बोलायची. विज्ञानाच्या प्रकल्पात तिनं फीत घेऊन गायीचं वजन काढलं होतं. काटा नाही, काही नाही. गायीच्या छातीचा घेर मोजायचा, लांबी मोजायची आणि हिशेब करायचा. जंताचं औषध वजनावर द्यायचं असतं आणि गावात ते अंदाजानं ओततात, म्हणून तिनं हा विषय घेतला होता. ताईनं त्याचा व्हिडिओ काढला होता आणि निरोपाच्या दिवशी, सगळ्या गावादेखत, तो त्या बापाला दाखवायचा तिचा बेत होता.

मी फोनवर म्हटलं होतं, ताई, लॅपटॉपवरच दाखव की, कशाला तो डबा.

"न्हाई," ताई म्हणाली. "गाय गायीएवढी दिसली पाहिजे. त्यो माणूस पोरीकडं बघत न्हाई, गायीकडं बघतो. गाय बघायला मान वर करील, तर बाजूला उभी असलेली पोर दिसंल."

एवढ्यासाठी मी उन्हाचे चटके खात गेले.

शाळेच्या अंगणातल्या मंडपात पोचले तर दाजी टेबलाशी पहाऱ्याला उभे. टेबलावर मखमली कापड, त्यावर प्रोजेक्टर, प्रोजेक्टरला झेंडूची माळ. यंत्राच्या कपाळावर, म्हणजे काचेच्या जरा वर, हळदीकुंकवाची बोटं. मी हसले. आपल्याकडे घरात आलेलं कुठलंही यंत्र पूजेवाचून सुरू होत नाही. ट्रॅक्टर, बोअरची मोटर, पिठाची गिरणी, सगळ्यांना कुंकू लागतं. दाजींनी तर नारळही फोडला होता.

"मेव्हणीबाई, वायर इकडं द्या," दाजी म्हणाले. "मी लावतो. तुम्ही तुमचं कॉम्प्युटर बघा."

त्यांनी वायर लावली. मी लॅपटॉप उघडला. मागच्या पांढऱ्या कापडावर फिकट निळा चौकोन आला आणि त्यात इंग्रजीत पुसट लिहून आलं, की सिग्नल नाही. मी कळा दाबल्या, डुप्लिकेट केलं, एक्स्टेंड केलं, लॅपटॉप बंद करून चालू केला. सिग्नल नाही. दाजींनी जवळच्या खुर्च्यांवरच्या लोकांकडे बघून मान हलवली. ती मान काय बोलत होती ते मला मंडपाच्या दुसऱ्या टोकावरूनही कळलं असतं. लॅपटॉप जुना आहे, असं ती बोलत होती.

मग आम्ही बिनवायरचा प्रयोग केला. लॅपटॉपनं आसपास शोध घेतला आणि त्याला सापडला तो मंडपवाल्याचा स्पीकर. पुढचा काही वेळ माझ्या लॅपटॉपची टिंगटिंग साऱ्या गावाला ऐकू गेली. दाजी म्हणाले, पेनड्राइव्ह घाला. पेनड्राइव्ह घातला, तर प्रोजेक्टर म्हणाला, हा व्हिडिओ मला चालत नाही. दाजींची भजनं मात्र त्याला चालत होती.

मी वायर तपासायला वाकले, तर ती अर्धीच आत गेलेली. हलवली की डुगडुगायची. मी म्हटलं, दाजी, ही पूर्ण बसलेली नाही.

"तेवढीच जाती ती," दाजी म्हणाले. "नवं मशीन हाय. तोंड घट्ट असतंय. दाबू नका."

मी त्यांना सांगितलं की या वायरी नव्या चपलेसारख्या वापरून सैल होत नाहीत. ते म्हणाले, तुमच्या नांदेडला होत नसतील. माझ्या अंगाची लाही झाली. पण तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांची गाडी आली आणि दाजी माळ घेऊन धावले.

सत्कार सुरू झाले.

आता, मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला सत्कार काय असतो ते मी सांगायला नको. पण त्या दिवशी मला त्याचा जो राग आला, तो सांगते. निरोप ताईचा. पण पहिला सत्कार पाहुण्यांचा, मग पाहुण्यांबरोबर आलेल्यांचा, मग आलेल्यांना घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरचा. मग सरपंच, मग केंद्रप्रमुख, मग मंडपवाला. शाल, टोपी, नारळ, फोटो. सूत्रसंचालक गुरुजी प्रत्येकाला एकेक चारोळी वाहत होते. ताई खुर्चीच्या टोकावर बसून टाळ्या वाजवत होती, जणू हीच बाहेरून आलेली पाहुणी. आणि मग गुरुजींनी शाळा समितीच्या मान्यवर सदस्यांना बोलावलं, तर त्यात कोण उठून आलं? त्या मुलीचे वडील. स्वतःच्या पोरीची शाळा बंद करणाऱ्या माणसाच्या खांद्यावर शाळेनं शाल घातली. शिक्षणावरच्या त्यांच्या प्रेमाचा उल्लेख झाला. मी टाळी वाजवली नाही. दात मात्र खाल्ले.

मुलगी बायकांच्या मागे, खांबाला टेकून उभी होती. तिला बेत माहीत होता. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग त्या निळ्या चौकोनाकडे.

मग माझंही डोकं फिरलं. दाजी फेटा बांधून घेण्यात गुंतले होते. मी प्रोजेक्टरची माळ काढली, प्लग काढला, तो डबा पदराखाली घेतला आणि मंडपाच्या मागे, आचाऱ्याच्या चुलीपलीकडे जाऊन मोबाइलच्या उजेडात त्याच्या तोंडात बघितलं. जिथं वायर जाते त्या फटीत काहीतरी लाल. आधी वाटलं, आत दिवाच असेल तसला. मग वाटलं, तुटलं. मग नीट बघितलं.

तांदूळ होता. कुंकू लावलेला, अखंड, बिनतुटका तांदूळ.

दाजींनी यंत्राची पूजा करताना त्याच्यावर अक्षता टाकल्या होत्या आणि त्यांतली एक थेट वायरीच्या भोकात जाऊन बसली होती. वर दाजींनी वायर दाबून तिला आणखी आत पक्कं केलं होतं. इतका वेळ माझ्या लॅपटॉपची, माझ्या क्लासची आणि सगळ्या नांदेड शहराची जी बेअब्रू चालली होती, ती या एका तांदळापायी. मला हसू आणि राग एकाच वेळी असा आला, की आचाऱ्यानं मला पाण्याचा तांब्या दिला.

पदराची पिन काढून मी तो दाणा हलक्या हातानं उकरला. फुंकर मारली. वायर लावली तर ती आत गेली आणि टक्क बसली.

मी परत येऊन डबा टेबलावर ठेवला, तोवर दाजी आलेच. मी त्यांच्या तळहातावर तो तांदूळ ठेवला.

"हे काय?"

"तुमचा आशीर्वाद," मी म्हटलं.

दाजींनी तांदळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काहीच झालं नसल्यासारखा तो खिशात टाकला. मग शेजारच्याला म्हणाले, बघा, म्हणलं नव्हतं, मशीन चांगलंच हाय.

चित्र आलं. म्हणजे आलं असं लॅपटॉपचं म्हणणं. भर दुपार, मंडपाला चारी बाजू उघड्या, वर पिवळं कापड. डब्याएवढ्या यंत्राचा उजेड तो केवढा. मी डोळे बारीक करून बघितलं. कापडावर गाय नव्हती, गायीचा संशय होता.

नेमकं त्याच वेळी गुरुजींनी ताईला बोलावलं, घाईघाईत तिच्या खांद्यावर शाल घातली. पाहुणे दुसऱ्या कार्यक्रमाला निघून गेले होते. मागून वरणाचा वास येत होता, पुरुष खुर्च्या मागे सरकवत होते. थोडक्यात मनोगत व्यक्त करावं, अशी विनंती गुरुजींनी केली. सगळं आयुष्य शाळेत काढलेल्या बाईला थोडक्यात. ताईनं माइक घेतला, वळून पडद्याकडे बघितलं. मी मान हलवली. दिसत नाही.

मला वाटलं, आता ही हात जोडेल आणि खाली बसेल. ताईनं आजवर तेच केलेलं मी बघितलेलं.

"मी भाषण करणार नाही," ताई म्हणाली. "मला जे सांगायचंय ते आत वर्गात आहे. सगळ्यांनी आत या. आणि आचारी, पातेल्यावर झाकण ठेवा. ते बघितल्याशिवाय पंगत बसणार नाही."

मंडपात कुजबुज झाली. गुरुजी पुढे होऊन काही बोलू लागले, तर ताईनं माइक बंद करून त्यांच्याच हातात दिला. मग खांद्यावरची शाल काढून माझ्याकडे टाकली. "खिडकीला लाव. ह्यांच्या पण घे."

मी घेतल्या, आणि कसल्या आनंदानं घेतल्या म्हणून सांगू. सरपंचांची घेतली, केंद्रप्रमुखांची घेतली, मंडपवाल्याची घेतली. मुलीच्या वडिलांपुढे हात केला, तेव्हा ते क्षणभर शाल धरून राहिले. मग दिली. वर्गाच्या एकूण एक खिडक्यांवर सत्कार टांगले गेले आणि अंधार झाला. मी डबा आणि लॅपटॉप आत आणून मांडले, लोक दाटीवाटीनं सतरंजीवर बसले. वडील समितीचे, म्हणून त्यांना पुढं बसवलं.

पहिल्यांदा गाय उलटी आली, पाय वर. लोक हसले. मी मेनूत जाऊन ती सरळ केली. आणि मग वर्गाच्या चुन्याच्या भिंतीवर, खरोखर गायीएवढी, कान हलवणारी गाय उभी राहिली. वडिलांनी मान वर केली.

गायीच्या शेजारी हातात फीत घेऊन त्यांची पोर होती. ती बोलत होती. पुढच्या पायांमागून फीत कशी फिरवायची, घेर कसा धरायचा, वजन कसं काढायचं, औषध कमी पडलं तर जंत कसे मरत नाहीत आणि जास्त झालं तर जनावराला काय होतं. अडखळत नव्हती. मध्येच गायीनं फीत चाटली, तेव्हा तिनं तिच्या नाकावर चापट मारली आणि पुढं बोलायला लागली. मी व्हिडिओ बघत नव्हते. प्रोजेक्टरच्या उजेडात त्या माणसाचा चेहरा दिसत होता, तो बघत होते.

व्हिडिओ संपला. भिंत नुसती पांढरी राहिली.

"बाई," वडील म्हणाले, "परत लावा."

माझं बोट कळेवर गेलं. ताईनं माझा हात धरला.

"जूनमध्ये पोर कुठं जाणार ते सांगा," ती म्हणाली. "मग लावते."

मागून एक म्हातारा म्हणाला, सांग की बाबा, वरण थंड व्हायलंय. वडील खाली बघत म्हणाले की बसचा भरवसा नाही, पोरीच्या जातीनं एकटीनं जायचं कसं.

"तुमचं दूध रोज देवणीला जातंय की," ताई म्हणाली. "त्या गाडीत पोर बसंना व्हय?"

"दुधाची गाडी लई लवकर निघती, बाई. पोर कवा उठणार?"

दाराजवळून, बायकांच्या घोळक्यातून, आवाज आला.

"धार मीच काढते की, अप्पा."

वर्गातली सगळी डोकी तिकडं वळली. वडिलांनीही मान वळवली, सावकाश. अंधारात त्यांना ती नीट दिसली की नाही, देव जाणे. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

"जाईल," ते म्हणाले. "लावा आता."

ताईनं माझा हात सोडला. गाय परत भिंतीवर आली. पोर वाकली, तिनं फीत फिरवली, घेर धरला.

"ढिली धरली फीत," वडील म्हणाले, कुणालाच उद्देशून नाही.

"न्हाई, अप्पा," मुलगी दारातून म्हणाली. "गायीनं श्वास सोडल्यावर धरली."