न विचारता टाकलेलं

केजला माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. कुणी विंडोज टाकून घ्यायला आलं की मी पेनड्राइव्ह खोचायचो आणि चहाला जायचो. परत येईपर्यंत सगळं आपोआप भरलेलं असे: मराठी फॉन्ट, प्रिंटर, पीडीएफ. पडद्यावर एकदाही काही विचारलं जायचं नाही. 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत बसायचा मला मनापासून कंटाळा, म्हणून मी खपून तो संच बनवला होता आणि त्याची मला फार घमेंड होती.

त्यात एक गोष्ट मी गिऱ्हाइकाला न सांगता घातली होती. दुकानात बसून त्याचा पडदा मला दिसावा, असं सॉफ्टवेअर. हेतू वाईट नव्हता. खेड्यातून फोन आला की गाडी काढून जायचं आणि तिथं निघायचं काय, तर फाइल दुसऱ्या फोल्डरात ठेवलेली. ती चक्कर वाचायची. सांगितलं तर लोक उगाच घाबरतील, असं मी स्वतःला समजावलं.

आमच्या धंद्यात पेनड्राइव्ह मागितला तर नाही म्हणत नाहीत, शेजारणीला विरजण द्यावं तसा देतात. माजलगावच्या एका दुकानदार मित्राने मागितला, मी दिला. सगळी मशीनं जिथून दिसायची त्या खात्याचा पासवर्डही त्याच पेनड्राइव्हवर होता. हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

काही महिन्यांनी तो दुपारचा दुकानात आला. तो एका पुढाऱ्याच्या ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळायचा. इकडचं तिकडचं बोलला, रस प्यायला आणि उठताना म्हणाला, "तुझ्या नांदूरघाटच्या बाई लई लिहितात बे. सांग त्यांना, बरं न्हाई ते."

त्या बाई माझ्या गिऱ्हाईक, त्याच पुढाऱ्याच्या शाळेत शिकवायच्या. त्या घरी काय लिहितात, हे त्याला माझ्याच सॉफ्टवेअरमधून दिसत होतं. तो गेल्यावर घाईघाईने पासवर्ड बदलायला बसलो, तर माझा पासवर्ड चालेना. त्याने तो आधीच बदलला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नांदूरघाटला गेलो. अपडेट करायचंय, एवढंच बाईंना म्हणालो आणि जसं टाकलं होतं तसंच गुपचूप ते काढायला लागलो. बाईंनी चहा ठेवला. माझ्यावर विश्वास, म्हणून आपणहून सांगू लागल्या. शाळेत नसलेल्या पोरांची नावं पटावर होती, त्याची तक्रार त्या लिहीत होत्या. अजून छापलीही नव्हती, तरी शाळेत बोलावून त्यांना त्यातलीच वाक्यं ऐकवली. नोकरीचा विचार करा, असं सांगितलं.

"माज्या बहिणीशिवाय कुणालाच ठाव नव्हतं," बाई म्हणाल्या. "भाऊ, सख्खी बहीण माजी. तिचं तोंड बघायचं सोडलं मी. आता या कॉम्प्युटरला तुमच्याशिवाय कुणाचा हात लागू देणार न्हाई."

मी मान हलवली आणि चहा प्यायलो. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती, तरी सॉफ्टवेअर काढून झालं तसा निघालो.

गावाबाहेर पडतो तोच फोन वाजला. माजलगावचा.

"नांदूरघाटचं बंद पडलंय. चालू कर बे. साहेब विचारायलेत."

म्हणजे त्या वेळीही कुणीतरी बसून बघत होतं. बाकीची सगळी मशीनं त्याला दिसतच असणार. मी फोन कापला आणि गाडी तिथंच उभी केली. मग वळवली.

बाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. काही राहिलं का, म्हणून विचारलं.

"तुमच्या बहिणीनं काही सांगितलं न्हाई, बाई," मी म्हणालो. "माझ्यामुळं गेलं ते."

मग सगळं सांगितलं. बाईंनी सूप खाली ठेवलं. काढून टाकलंय, आता काही दिसत नाही, असं मी दोनदा म्हणालो. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. आत जाऊन कॉम्प्युटरच्या पडद्यावर चादर टाकली आणि तिथूनच, माझ्याकडे न बघता, मला जायला सांगितलं.