पीण्यातले जाधव अण्णा

सुधाचा फोन आला तेव्हा मी येलहंक्याला रिक्षात होते. “अक्का, अण्णा गेले... सकाळी, चहा घेता घेता.” मी रिक्षा थांबवली आणि रस्त्याच्या कडेला नुसती उभी राहिले. महिना होऊन गेला, तरी मन ठिकाणावर नाही.

सुधाचे वडील माणिकराव जाधव यांचा पीण्यात, म्हणजे बेंगळुरूच्या औद्योगिक वसाहतीत, छोटा कारखाना. घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूचं, त्यामुळे मराठीत कन्नड मिसळलेलं. मी पुण्याहून आलेली. डार्क मॅटर शोधणाऱ्या आमच्या गटाला संवेदक ठेवण्यासाठी तांब्याचं भांडं हवं होतं, ते करून घ्यायला मी त्यांच्याकडे गेले. भांड्याला बोटांचा घामसुद्धा लागता कामा नये, घामातल्या क्षारांचा किरणोत्सर्गही आमच्या यंत्राला खोटी चाहूल देतो, असं मी समजावलं. “दिसत नाही, हाताला लागत नाही, तरी शोधताय?” अण्णा हसले. “सरी, बरं. मग भांडं तरी स्वच्छ पाहिजे.” त्यांनी एक लेथ धुऊन पुसून फक्त आमच्यासाठी वेगळं ठेवलं.

भांडं बसवलं आणि यंत्रात नको तितक्या खुणा उमटू लागल्या. मी तडक पीण्याला गेले, कामगारांसमोर विचारलं, “अण्णा, तांबं कुठलं वापरलंत?” त्यांनी वाद घातला नाही. “माझ्याच हातनं चुकलं असणार. स्वल्प वेळ द्या, अक्का.” त्यांनी दुसरं भांडं करून दिलं. खुणा तशाच! शेवटी दोष सापडला तो आमच्याच प्रयोगशाळेत, मी स्वतः निवडलेल्या सोल्डरच्या तारेत. तिच्यातल्या किंचित किरणोत्सर्गी शिशानं घोळ केला होता.

हे अण्णांना समोर बसून सांगायचं होतं. आज मीटिंग, उद्या ट्रॅफिक... खरं तर लाज वाटत होती. तीन आठवडे तसेच गेले, आणि मग तो फोन.

दिवसकार्य आटोपल्यावर कारखान्यात गेले. लेथवर अर्धवट कातलेलं तांबं होतं. “तिसरं,” सुधा म्हणाली. “तुमच्याकडून काही कळेना, म्हणजे दुसरंही बिघडलं, असं अण्णा धरून बसले. कुणाला हात लावू देत नव्हते.” मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “तुम्ही त्यांना एवढं तरी कळवायचं होतं ना, अक्का.” आवाज चढला नव्हता.

ते भांडं अजून लेथवरच आहे. सुधा उतरवत नाही, मी उतरव म्हणत नाही. दर शनिवारी मी पीण्याला जाते... काम काही नसतं.